वावरातल्या बांधकामावर कॅमेरा घेताय? मेगापिक्सेल मागून पाहा, आधी सिम अन् सावली पाहा

दिवाळी उरकली, सीतादही झाली, पहिल्या वेच्याचा कापूस घरात आला, की आपल्या बाभुळगाव तालुक्यात बांधकामं निघतात. कोणाचं वावरात गोडाऊन, कोणाचा कोठा, कोणाच्या विहिरीचं बांधकाम राहिलेलं, कोणाचं घरकुल. आणि नेमके हेच दिवस वेचणीचे, तुरीचे, हरभऱ्याला पाणी द्यायचे. कास्तकार एका वावरात, मिस्त्री दुसऱ्या वावरात. सिमेंटच्या बॅगा उघड्यावर, लोखंड उघड्यावर, अन् रात्री जागलीला जायला घरात माणूस नाही. मग पोरगा पुण्याहून सांगतो, "बाबा, एक कॅमेरा लावून टाका."

लावाच. मी लावला आहे. गावापासून चार किलोमीटरवर 20 बाय 30 फुटांचं गोडाऊन चालू आहे, तिथे हिवाळ्यापासून एक स्वस्तातला सोलर कॅमेरा खांबावर आहे. पण दुकानदार जे दाखवतो ते पाहून कॅमेरा घेऊ नका. तो मेगापिक्सेल सांगतो, 360 अंशात मान फिरते ते सांगतो, रात्री रंगीत दिसतं ते सांगतो. आपल्या वावरात कॅमेरा चालेल की नाही, हे यातलं काहीच ठरवत नाही. वावरच ठरवतं. म्हणून आधी वावर पाहायचं, मग दुकान.

पहिलं काम एक पैसा न लागणारं. ज्या जागी खांब रोवायचा आहे तिथे जिओ, एअरटेल, बीएसएनएल, जी सिमं घरात असतील ती घेऊन जा. एकेक सिम मोबाईलमध्ये टाकून दहा मिनिटं व्हिडिओ कॉल करा. सकाळी एकदा, संध्याकाळी सात-आठला एकदा. संध्याकाळी सगळं गाव मोबाईलवर असतं, तेव्हा टॉवरवर गर्दी होते अन् सकाळी पळणारं नेट रांगायला लागतं. कांड्या किती दिसतात याच्यावर जाऊ नका, कॉल तुटतो का ते पाहा. जे सिम दोन्ही वेळा टिकलं त्याच कंपनीचं सिम कॅमेऱ्यात.

यात एक बारीक गोष्ट आहे. जिओला 2जी-3जी नाहीच, म्हणून कॅमेरा 4जीचाच पाहिजे. पण 4जी म्हटलं की झालं असं नाही. प्रत्येक कंपनीच्या लहरी वेगळ्या पट्ट्यात चालतात, इंग्रजीत त्याला बँड म्हणतात. आपल्याकडे 3, 5, 8, 40 हे बँड खूप वापरात आहेत. बीएसएनएलचं नवं स्वदेशी 4जी सप्टेंबर 2025 मध्ये देशभर सुरू झालं, त्यात 28 नंबरचा बँडही आहे. बाहेरदेशातून आलेल्या स्वस्त कॅमेऱ्यात यातला एखादा बँड नसतो. मग मोबाईलला रेंज, कॅमेऱ्याला नाही, अन् आपण टॉवरला शिव्या देत बसतो. खोक्यावर किंवा आतल्या कागदावर बँडची यादी असते. नसेल तर तो कॅमेरा तिथेच ठेवा.

वायफायवाला कॅमेरा वावरासाठी घेऊ नका. तो स्वस्त दिसतो, पण त्याला राउटर लागतो, राउटरला लाईन लागते. शेतीच्या फीडरवर लाईन पाळीपाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. डीपी जळाली तर आठवडा गेला. बांधकामावरून सळई जायची असेल तर ती लाईन नसतानाच जाते.

आता सोलरचं गणित. हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही, झटका मशीनवर आपण रोज तेच करतो. चोवीस तास जागा राहणारा, सतत रेकॉर्डिंग करणारा 4जी कॅमेरा साधारण 4 वॅट खातो असं धरा. दिवसाला झाले 96 वॅट-तास. आपल्या फवारणी पंपात 12 व्होल्ट 8 अँपिअरची बॅटरी असते, तिच्यात सगळे मिळून 96 वॅट-तासच मावतात, अन् लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की ती लवकर मरते. म्हणजे असा कॅमेरा पंपाच्या बॅटरीवर खरं तर अर्धा दिवस. त्याला 40 वॅटचं पॅनल अन् मोठी बॅटरी लागते, अन् मग तो 'बजेट' राहत नाही.

म्हणून मी दुसऱ्या जातीचा घेतला: एरवी झोपलेला, हालचाल झाली की किंवा आपण ॲप उघडलं की जागा होणारा. आत लिथियम बॅटरी, बाहेर छोटं पॅनल. असे कॅमेरे बाजारात साधारण चार ते आठ हजारांत मिळतात. बांधकामाला हाच पुरे.

पण या जातीच्या कॅमेऱ्याच्या दोन खोडी विदर्भातल्या उन्हात दिसतात, त्या दुकानात दिसत नाहीत.

एक म्हणजे उष्णता. लिथियम बॅटरी साधारण 45 अंशांच्या वर गेली की तिचं चार्जिंग थांबवावं लागतं, नाहीतर ती खराब होते. चांगल्या कॅमेऱ्यात ते आपोआप थांबतं. आपल्याकडे मे महिन्यात हवेचंच तापमान 44-45 ला जातं, उन्हातला प्लास्टिकचा डबा त्याच्याही वर. म्हणजे ऊन भरपूर, पॅनल जोरात, अन् बॅटरी भरत नाही! उपाय सोपा आहे. पॅनल उन्हात, कॅमेरा सावलीत. कॅमेऱ्याच्या डोक्यावर चार बोटं अंतर सोडून टिनाचा तुकडा वाकवून लावायचा. म्हणून पॅनल कॅमेऱ्याला चिकटलेलं नको, दोन-तीन मीटर वायरनं वेगळं ठेवता येणारं पाहिजे. हे मी मेगापिक्सेलच्या कितीतरी वर धरतो.

पॅनल वेगळं असण्याचा आणखी एक फायदा. पॅनलचं तोंड दक्षिणेला पाहिजे अन् कॅमेऱ्याचं होईल तितकं उत्तरेला, म्हणजे सूर्य त्याच्या पाठीशी राहतो. एकाच डब्यात दोन्ही असले की दोघांपैकी एकाचं नुकसान. पूर्व-पश्चिम तोंड केलं तर सकाळ-संध्याकाळ नुसता पांढरा उजेड दिसेल, अन् मजूर यायची-जायची वेळ तीच असते.

दुसरी खोड सेन्सरची. झोपलेला कॅमेरा जागा होतो तो अंगाच्या उष्णतेवर. माणसाचं अंग अन् मागची जमीन-भिंत यांच्या उष्णतेत फरक पडला की त्याला कळतं. मे महिन्यात दुपारी भिंत माणसाइतकीच तापते, किंवा जास्तच. तेव्हा समोरून माणूस गेला तरी हा पठ्ठ्या झोपलेला राहू शकतो. हिवाळ्याच्या रात्री मात्र तो बरोबर पकडतो. म्हणून भर उन्हाळ्यात "मेसेज आला नाही म्हणजे कोणी आलं नाही" असं धरू नका. अन् स्वस्त कॅमेऱ्यात हा सेन्सर सात-दहा मीटरपर्यंतच नीट काम करतो. वावराच्या एका टोकाला खांब अन् दुसऱ्या टोकाला बॅगांची थप्पी, असं जमणार नाही. थप्पी कॅमेऱ्याजवळ आणा.

चेहरा ओळखण्याचंही तसंच. दोन मेगापिक्सेलचा, 4 मिलिमीटर भिंगाचा कॅमेरा अनोळखी माणसाचा चेहरा पक्का दाखवतो तो साधारण साडेचार-पाच मीटरपर्यंत. ओळखीचा माणूस नऊ मीटरपर्यंत ओळखू येतो. त्यापुढे "कोणीतरी होतं" एवढंच. मेगापिक्सेल दुप्पट केले तरी हे अंतर दुप्पट होत नाही, अन् रात्री तर ते आणखी कमी होतं. पाच हजारांच्या कॅमेऱ्यानं पन्नास मीटरवरचा चोर ओळखून दाखवावा ही अपेक्षाच चूक.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यावर माझं अन् बऱ्याच जणांचं जमत नाही. लोकांना लाईव्ह पाहायचं असतं. घरी बसून, वेचणीच्या धुऱ्यावर बसून, मिस्त्री काय करतो ते. माझं म्हणणं, बांधकामाला लाईव्हची गरज नाही. गरज आहे ती एकाच जागेवरून, एकाच कोनातून, रोज ठरल्या वेळी काढलेल्या फोटोंची.

हिशेब करून पाहा. 1 एमबीपीएसचा साधा व्हिडिओ तासाला 450 एमबी खातो. दिवसभर-रात्रभर चालू ठेवला तर 10 जीबीच्या वर. कोणतं रिचार्ज पुरणार? उलट दर अर्ध्या तासाला एक फोटो, दिवसाचे बारा तास, म्हणजे 24 फोटो. एक फोटो 400 केबीचा धरला तरी दिवसाला 10 एमबी, महिन्याला 300 एमबी. सगळ्यात लहान डेटा पॅकमध्ये बसतं. म्हणून दुकानात विचारायचा पहिला प्रश्न: "हा ठरल्या वेळी आपोआप फोटो काढून मोबाईलवर पाठवतो का?" जंगलखात्याचे लोक लावतात तसल्या ट्रेल कॅमेऱ्यात ही सोय असते, काही सोलर कॅमेऱ्यांतही असते. नसेल तर दिवसातून तीन वेळा ॲप उघडा, अर्धा मिनिट पाहा, स्क्रीनशॉट घ्या. दहा-बारा एमबीत काम झालं.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानं 2021 मध्ये आपल्या सगळ्या कामांची दर महिन्याला ड्रोननं व्हिडिओ नोंद सक्तीची केली. दर महिन्याला, दर मिनिटाला नाही. मागच्या महिन्याचं अन् या महिन्याचं शेजारी ठेवलं की काम किती सरकलं ते कळतं, अन् पुढे भांडण झालं तर पुरावा हाती राहतो. शेकडो किलोमीटरच्या रस्त्याला जे पुरतं ते आपल्या 20 बाय 30 ला पुरतं.

रोजच्या फोटोतून काय मिळतं ते सांगतो. ट्रॅक्टर किती वाजता आला, रेती कुठे पडली, किती माणसं होती. स्लॅब कोणत्या तारखेला पडला, अन् त्याच्यावर पाणी कधी मारलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस ओल पाहिजे, राखमिश्रित म्हणजे पीपीसी सिमेंटला 10 दिवस, अन् आपल्यासारख्या कोरड्या उन्हात 14 दिवस ठेवलेली बरी. आजकाल दुकानात बहुतेक पीपीसीच मिळतं. सकाळी अकराच्या फोटोत स्लॅब काळपट ओला दिसतो की पांढरा कोरडा, एवढं पाहिलं तरी पुरे. कोरडा दिसला की मी फोन करतो, मिस्त्री पोऱ्याला वर पाठवतो. या एका कामासाठी सुद्धा कॅमेरा वसूल झाला असं मी समजतो.

बॅगा मोजणं हे दुसरं. 20 बाय 30 चा, पाच इंची स्लॅब म्हणजे 250 घनफूट, अडीच ब्रास काँक्रीट. एम-20 च्या मापानं घनमीटरला सुमारे 8 बॅगा, म्हणजे एकूण 56-57 बॅगा लागायला पाहिजेत. स्लॅबच्या दिवशी सकाळी थप्पीचा फोटो, संध्याकाळी थप्पीचा फोटो. चाळीसच कमी झाल्या असतील तर विचारायला तोंड आहे.

पण कॅमेऱ्याला न दिसणारं जास्त आहे, अन् ते जास्त महागाचं आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरमापर्यंत गेला नाही तर पहिल्याच पावसाळ्यानंतर भिंतीला तिरपी चीर पडते. खड्डा किती खोल गेला, खाली मुरूम लागला की काळीतच दगड भरले, हे दहा फुटांवरच्या कॅमेऱ्याला कळत नाही. सळईचं अंतर, सळईखालचे ठोकळे, मालात पाणी किती ओतलं, हेही नाही. म्हणून माझा नियम असा: पाया भरायचा दिवस, कॉलमचं लोखंड बांधून झालेला दिवस अन् स्लॅबचा दिवस, हे तीन दिवस वेचणी बंद. स्वतः जायचं, खड्ड्यात टेप सोडायचा, टेप दिसेल असा मोबाईलनं फोटो काढायचा. बाकीचे दिवस कॅमेऱ्याचे.

नुसत्या फोटोवर विसंबलं की काय होतं, ते सरकारनंच पाहिलं आहे. रोजगार हमीच्या कामांवर जानेवारी 2023 पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो सक्तीचा झाला. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना लिहावं लागलं, की भलतेच फोटो चढवले जातात, फोटोचाच फोटो काढला जातो, एकच मजूर अनेक हजेरीपटांवर दिसतो. फोटो होते, पाहणारा माणूस नव्हता. आपल्याही कॅमेऱ्याचे फोटो रात्री जेवल्यावर पाच मिनिटं कोणी पाहणार नसेल, तर कॅमेरा घेऊ नका, ते पैसे जागलीच्या गड्याला द्या.

मजुरांचा विषय निघाला म्हणून. कॅमेरा लावायच्या आधी मिस्त्रीला अन् बायांना सांगा. चोरून लावू नका. माझ्याकडच्या बायांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "भाऊ, हा आमच्यावर लावला का मालावर?" मी मोबाईलवर त्यांना काय दिसतं ते दाखवलं: थप्पी, स्लॅब, ट्रॅक्टरचा रस्ता. ज्या बाभळीखाली त्या डबा खातात, लेकराला पाजतात, ती बाजू कॅमेऱ्यात येत नाही, मुद्दाम. आवाजाचं रेकॉर्डिंगही बंद करून टाकलं, बांधकामाला आवाजाचं काय काम? फिरत्या मानेचा कॅमेरा मी घेतला नाही त्याचं हेही एक कारण. मान फिरली की कोनही बदलतो अन् बायांचा भरवसाही.

आणि कॅमेरा मजुराच्याही कामी येतो. एका शनिवारी हिशेबाला मिस्त्रीच्या वहीत मंगळवारी पाच बाया, अन् बाया म्हणत सहा होत्या. मंगळवारचे फोटो काढले. सकाळी साडेदहाला सहा, दुपारी तीनला सहा. सहाव्या बाईची मजुरी तिथेच निघाली. तेव्हापासून कॅमेऱ्याकडे पाहून कोणी तोंड वाकडं करत नाही.

राहिलेल्या गोष्टी पटकन. खोक्यावर बीआयएसचा 'आर-' नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा अन् बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून तपासा. 9 एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेचे कडक निकष लागू झाले आहेत, तेव्हा विनानावाचा जुना माल कोणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर सावध. क्लाउडचं महिन्याचं भाडं किती, ते न भरता फोटो येतात का, हे आधी विचारा. कॅमेरा एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला नको. पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला, अन् तो मिस्त्रीच्या पोऱ्याला देऊ नका. कार्ड 64 जीबीचं टाका, पण चोरानं कॅमेराच नेला तर कार्डही गेलं, म्हणून फोटो मोबाईलवर यायलाच पाहिजे. पाऊस-धुळीसाठी आयपी 66 किंवा त्याच्या वरचा. दोन इंची जीआय पाइप दोन फूट गाडून, वर नऊ-दहा फूट. बारा-पंधरा फुटांवर नेला तर डोक्याच्या टोप्याच दिसतात. पॅनलवर सिमेंटची धूळ बसते, आठवड्यातून एकदा ओल्या फडक्यानं पुसा. अन् वायर पाइपच्या आतून घ्या. चोरापेक्षा वांदरं लवकर येतात.

रात्री खोटे मेसेज फार यायला लागले तर आधी भिंगासमोर कोळ्याचं जाळं आहे का ते पाहा. रात्रीच्या लाल दिव्याला किडे येतात, किड्यांना कोळी. झाडूच्या एका फटक्यात निम्मे मेसेज कमी होतात. समोर पऱ्हाटी उभी असेल तर वाऱ्यानं तीही हलते, खांबापुढच्या दोन तासांतली पऱ्हाटी काढून टाका.

माझ्या गोडाऊनचं शटर बसलं की हाच कॅमेरा मी विहिरीवर, सौर पंपाच्या पॅनलकडे तोंड करून लावणार आहे. तिथे जिओ संध्याकाळी टिकत नाही, एअरटेलही तुटतं. या आठवड्यात बीएसएनएलचं सिम घेऊन दोन्ही वेळा जाणार आहे. जमलं नाही तर विहिरीवर कॅमेरा नाही, जागल आहेच.